पेपर वाचून दाखवला ते दिवस

१२ जानेवारी
ताप नाही. वजन कालच्याइतकंच. गोळ्या सगळ्या वेळेवर. एवढंच लिहायला होदाननं ही वही दिली, पण पान मोठं आणि वर्लिनची, माझ्या नवऱ्याची, खबर एवढीशी. उरलेल्या जागेत मी माझं लिहायचं ठरवलंय. कोणाला दाखवायचं नाही.

होदान म्हणजे आमची दवाखान्यातली नर्स. सोमाली पोरगी, तिशीची, डोक्याला कायम गडद रुमाल, बोलायला एकदम सरळ. मला मावशी म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा कोणाला हाक मारतेय म्हणून मी मागे वळून बघितलं होतं. गावाकडे मला आर्डिस सोडून कोणी काही म्हणत नाही. आता सवय झाली. खरं सांगायचं तर बरं वाटतं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास वर्लिनला त्याच्या धाकट्या भावाच्या, ड्वेनच्या, मूळपेशी दिल्या. आधी औषधांनी वर्लिनचं स्वतःचं नासलेलं रक्त मुळापासून मारलं, मग त्या जागी ड्वेनचं रुजलं. गावाकडच्या सगळ्यांना वाटतं, झालं, सुटला. रोज कोणीतरी फोन करून विचारतं, घरी कधी येताय. पण डॉक्टरांनी आज आम्हाला बसवून नीट सांगितलं. रक्त आलंय, त्या रक्ताला अक्कल यायचीय. जन्मभरात अंगानं ज्या ज्या रोगांची ओळख करून घेतली होती ती सगळी पुसली गेली. त्यात सीएमव्ही नावाचा एक विषाणू आहे, तो बहुतेकांच्या अंगात जन्मभर गुपचूप झोपून असतो. वर्लिनच्या अंगात आहे. ड्वेनच्या रक्तानं मात्र तो कधी पाहिलेलाच नाही. म्हणजे राखणदार नवा आणि चोर घरातला. तो उठला तर फुप्फुसात, आतड्यात, डोळ्यात, कुठेही शिरेल आणि जीवही घेईल. राखणदार शहाणा होईपर्यंत आम्ही इथेच, मिनियापोलिसात, दवाखान्याजवळच्या या दोन खोल्यांत.

होदान दोघांना म्हणाली, बारीकसारीक काहीही वाटलं तरी सांगायचं, मला त्रास होईल म्हणून गप्प बसायचं नाही. वर्लिन म्हणाला, बरं. तो सगळ्यालाच बरं म्हणतो.

संध्याकाळी ड्वेनला फोनवर हे सांगितलं. तो विषाणू थुंकीतून, मुके घेण्यातून पसरतो म्हटल्यावर तो म्हणाला, "वहिनी, जन्मभर ब्रह्मचारी राहिलो त्याचा भावाला असा फटका बसेल हे माहीत असतं तर थोडा प्रयत्न केला असता." मी हसून हसून बेजार. वर्लिनसुद्धा हसला.

१६ जानेवारी
आज दवाखान्यात गंमत झाली. रक्त काढायच्या खोलीत गारठा होता. होदाननं वर्लिनला विचारलं, गरम पांघरूण आणू का. हा म्हणाला, नको नको, ठीक आहे. ती म्हणाली बरं, आणि गेली. हा बसला कुडकुडत.

मला हसू आवरेना. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की, उगाच कशाला. तिसऱ्यांदा विचारलं की मग, आता आणलंच असेल तर द्या. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट. आमच्या चर्चच्या तळघरातल्या सामुदायिक जेवणात केकचा शेवटचा तुकडा याच कारणानं वाळून जातो. होदान परत आल्यावर मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे पाहुण्याचं नको कोणी ऐकतच नाही, ताट वाढूनच समोर ठेवतात. पण इथे कामावर पेशंट नको म्हणाला की नको, तसंच शिकवलंय आम्हाला. मग पांघरूण घेऊन आली आणि न विचारता त्याच्या अंगावर टाकलं.

दुपारी तिचाच फोन. रक्तात तो विषाणू दिसायला लागलाय. थोडा आहे, पण आहे. उद्यापासून गोळ्या. वर्लिनला सांगितलं तर तो म्हणाला, "थोडाच आहे म्हणाली ना?"

२३ जानेवारी
विषाणू वाढला. गोळ्यांनी पांढऱ्या पेशी पडायला लागल्या. म्हणजे चोराला मारायचं औषध राखणदारालाच मारतं. डॉक्टर रोज माप बदलतात. मी जेवणात काय करू ते कळत नाही. कच्चं काही चालत नाही, बाहेरचं चालत नाही. हॉटडिश करते, सगळं एकाच भांड्यात घालून भट्टीत भाजायचं, वर बटाट्याचे गोळे खरपूस करून, तेवढं खातो. खाताना तक्रार नाही, उरलं तर तेही नाही. असा पेशंट मिळायला भाग्य लागतं. शेजारच्या खोलीतला माणूस दिवसभर बायकोवर खेकसत असतो.

४ फेब्रुवारी
विषाणू उतरला. जवळजवळ दिसेनासा झालाय. जीव भांड्यात पडला. पेशी फार पडल्या म्हणून डॉक्टरांनी गोळ्या निम्म्या केल्या. ड्वेनचं रक्त अजून अडाणीच आहे, चाचणीत त्या विषाणूला ओळखत नाही, पण वेळ लागेल म्हणाले. वेळ आहे आमच्याकडे. गायी विकल्यापासून आम्हाला कुठे पहाटे उठायचंय.

आज आणखी एक नवल. गावचा साप्ताहिक पेपर ड्वेन दर आठवड्याला पोस्टानं पाठवतो. हा माणूस चाळीस वर्षं तो पेपर तोंडासमोर धरून बसलाय आणि मी पेपराच्या मागच्या पानाशी बोललेय. आज जेवण झाल्यावर पेपर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "तू वाच ना. तुझा आवाज ऐकत बसतो."

मी सगळा वाचला. कोण कोणाकडे रविवारी जेवायला गेलं, शाळेच्या पोरी बास्केटबॉलमध्ये कशा हरल्या, गोठलेल्या तळ्यावरच्या मासे धरायच्या झोपड्या कधी काढायच्या. गावातल्या लेण्या म्हातारीच्या मयताची बातमी मी गळा काढून वाचली, कारण लेण्या जिवंतपणी तशीच बोलायची. वर्लिन डोळे मिटून हसत होता. लग्न झाल्यापासून माझं एवढं कोणी ऐकलं नसेल.

५ फेब्रुवारी
आज परत वाचायला सांगितलं. तोच पेपर. लिलावाच्या जाहिरातीसुद्धा.

११ फेब्रुवारी
क्रिबेज या पत्त्यांच्या खेळात मी लागोपाठ सगळे डाव जिंकले. हा माणूस पत्त्यांत कोणाला दयामाया दाखवत नाही, आईलासुद्धा हरवायचा, आणि आता फळीवरच्या गुणांच्या खुंट्या मलाच पुढे सरकवायला सांगतो. मी म्हटलं, तुझ्या डोक्यात औषधं गेली की काय. म्हणाला, असेल.

कॉफी ओतताना थोडी टेबलावर सांडली. हात कापतात त्याचे, गोळ्यांमुळे. आता कॉफी मीच ओतते.

१८ फेब्रुवारी
बाहेर जरा ऊन होतं म्हणून मास्क लावून कोपऱ्यापर्यंत फिरून आलो. रस्ता ओलांडताना वर्लिननं माझा दंड धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. भर रस्त्यात. आमच्या लग्नात फोटोवाल्यानं सांगितलं तेव्हा त्यानं माझा हात धरला होता, त्यानंतर आजच. माझ्या उजव्या बाजूला राहा म्हणाला, म्हणून राहिले.

लिहायला लाज वाटते, पण या दोन खोल्यांत मी जितकी सुखात आहे तितकी गेली कित्येक वर्षं नव्हते. तिकडे गायी होत्या, मग कर्ज, मग मुलीचं घटस्फोटाचं प्रकरण, मग हा आजार. आमच्या दोघांत रोजचं बोलणं म्हणजे दूध किती निघालं आणि दार बंद केलंस का. इथे तो संध्याकाळी मला म्हणतो, आज काय वाचणार. आजार वाईटच, पण त्यानं माझा नवरा मला परत दिला असं कधी कधी वाटतं. देवा, असं लिहिलं म्हणून रागावू नकोस.

२५ फेब्रुवारी
दवाखाना. होदाननं नेहमीचे प्रश्न विचारले. जुलाब? नाही. दम? नाही. डोळ्यांनी दिसण्यात काही फरक? नाही, ठीक आहे. अंगावर पुरळ? नाही. भराभरा खुणा करत गेली, बाहेर पेशंट ताटकळले होते. मी शेजारी बसून विणत होते. मला अभिमान वाटला, किती कमी त्रास देतो म्हणून. होदाननंही म्हटलं, सगळे पेशंट असे असते तर. रक्तात विषाणू अगदी थोडा, आहे तेवढाच. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सरेल.

६ मार्च
ड्वेन आला. बर्फातून गाडी हाकत आला, मास्क लावून दाराशी उभा राहिला आणि आधी तिथूनच वर्लिनला नीट न्याहाळलं. बरोबर लेफ्सा, बटाट्याच्या मऊ पोळ्या, आणल्या होत्या, पण वर्लिनला बाहेरचं चालत नाही, म्हणून ड्वेननं आणि मीच खाल्ल्या. वर्लिनला म्हणाला, "माझं रक्त वापरतोयस, निदान माझ्यासारखा देखणा तरी दिसायला लाग." मग दोघं खिडकीशी बसले आणि मी स्वयंपाकाकडे वळले. तिथून सगळं ऐकू येतं.

थोडा वेळ तळ्याबद्दल चाललं होतं. मग ड्वेन अगदी सहज म्हणाला, "तुला दिसतं ना नीट?"

"दिसतं की."

"मी मघाशी उजवीकडून हात पुढे केला, तू घेतला नाहीस."

"लक्ष नव्हतं. दिसतं तसं बरं."

ड्वेननं खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "वर्लिन, मी खरंच विचारतोय."

मग वर्लिन म्हणाला, "उजव्यानं काहीच दिसत नाही. आधी काळे ठिपके यायचे, मग पडदा आल्यासारखं झालं. डाव्यात पण एका कडेला सुरू झालंय." आवाजात काही नव्हतं, हवापाणी सांगावं तसा.

माझ्या हातातली ताटली सिंकमध्ये पडली. मी हात पुसायचेही विसरून होदानला फोन लावला.

७ मार्च
विषाणू डोळ्यात गेलाय. रक्तात थोडाच होता म्हणून सगळे निर्धास्त होते, आणि तो आत डोळ्याचा पडदा खात बसला होता. उजवा डोळा गेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, तो परत यायचा नाही. डावा वाचवायचा प्रयत्न. शिरेतून औषध आणि डोळ्यातच सुई. ते करताना मला बाहेर बसवलं. आत वर्लिन ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर बाईंना मी विचारलं, ठिपके दिसायला लागले तेव्हाच आलो असतो तर. म्हणाल्या, तर बहुतेक डोळा राहिला असता.

८ मार्च
होदान वॉर्डात आली. ड्यूटी नसताना आली. डोळे सुजलेले. मला म्हणाली, "मावशी, मी दर आठवड्याला विचारत होते. दिसण्यात काही फरक, असं प्रत्येक वेळी विचारलं."

मी म्हटलं, "एकदाच विचारत होतीस."

मग तिला कळलं, आणि ती खाली बसली. मी तिला असं बोलायला नको होतं. तिनं तिचं काम केलं. तिला काय ठाऊक आमच्याकडे खरं उत्तर तिसऱ्या खेपेला निघतं. मला ठाऊक होतं. मीच तिला हसत हसत सांगितलं होतं, आणि तेच मी शेजारी बसून विसरले. मी विणत होते.

तिला तसं म्हटलं नाही अजून. उद्या म्हणेन.

९ मार्च
म्हटलं. ती रडली, मीही रडले. मग तिनं वर्लिनला विचारलं, दुखतंय का. तो म्हणाला नाही. तिनं परत विचारलं. तो म्हणाला, फार नाही. ती जागची हलली नाही, तिसऱ्यांदा विचारलं. तो म्हणाला, हो, बरंच दुखतंय. औषध दिलं तिनं.

१४ मार्च
ही वही मागे जाऊन वाचायचा धीर होत नव्हता, आज वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय. क्रिबेजच्या खुंट्या, सांडलेली कॉफी, माझा धरलेला दंड. शहाण्या बाईनं लिहावं तसं नीट, तारखेवार. शाळेतल्या पोरानं वाचलं असतं तरी म्हणालं असतं, अहो बाई, या माणसाला दिसत नाहीये. आणि मी काय लिहिलं, तर लग्नानंतर आजच हात धरला म्हणून. स्वतःचीच इतकी चीड आली की पानं फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाहीत.

डावा डोळा आहे तसाच. औषधांनी परत पेशी पडल्या. डॉक्टर म्हणाले, नुसत्या औषधानं हे निभणार नाही, विषाणूला ओळखणारं रक्त पाहिजे. ड्वेन म्हणाला माझं घ्या, हवं तेवढं काढा. पण त्याचं रक्त त्याला ओळखतच नाही. ड्वेन बाहेर जाऊन गाडीत बसला, बराच वेळ आला नाही.

२१ मार्च
आज वर्लिनला दुसऱ्या कोणाच्या तरी पेशी दिल्या. अशा माणसाच्या, ज्याचं रक्त त्या विषाणूला चांगलं ओळखतं. प्रयोगशाळेत वाढवून, गोठवून ठेवलेल्या होत्या. कोण, कुठला, सांगत नाहीत. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. एवढीशी सुई, पाण्यासारखं काहीतरी, पाच मिनिटांत संपलं. होदाननं वर्लिनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही काय ते. जो कोण देणारा आहे त्याला देवानं सुखी ठेवावं.

वर्लिन विचारत होता, त्या माणसाचे उपकार फेडायचे कसे, केक पाठवता येईल का. नाही येणार म्हटलं.

२ एप्रिल
रक्तातला विषाणू गेला. डाव्या डोळ्यातली जखम पुढे सरकली नाही. कडेचं दिसत नाही, मधलं दिसतं. माझा चेहरा दिसतो म्हणाला. मी विचारलं, कशी दिसते. म्हणाला, थकलेली.

मी आता त्याला दिवसातून दहादा काहीबाही विचारते. तो वैतागतो, पण सांगतो. वैतागला तर वैतागू दे.

२९ एप्रिल
ज्याची वाट बघत होतो ती चाचणी आली. ड्वेनचं रक्त आता स्वतःहून त्या विषाणूला ओळखायला लागलंय. उसनी पलटण होती तोवर याला वेळ मिळाला, आणि हा शिकला. डॉक्टर खूश, होदान तर नाचायचीच बाकी. ड्वेनला फोन केला तर तो म्हणाला, "शेवटी शिकला का गधडा." घरी जायला परवानगी मिळाली.

मी आनंदानं रडायला हवं होतं. रडलेही. पण हे शहाणपण तीन महिने आधी आलं असतं तर, हेच सारखं मनात. आणि त्याला यायला वेळ लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर तोवर राखायचं काम माझं होतं.

५ मे
घरी आलो. अंगणात बर्फ नाही. शेजाऱ्यांनी पायऱ्यांना कठडा बसवून ठेवलाय, न सांगता. कोणी दारात आलं नाही, गाडीतूनच हात करून गेले, आम्ही दमलो असू म्हणून. वर्लिननं सगळ्यांना आवाजावरून ओळखलं.

संध्याकाळी व्हरांड्यात बसलो. जे विचारायचं मी इतके दिवस टाळत होते ते विचारलं.

"ठिपके दिसायला कधी लागले होते?"

"जानेवारी संपता संपता."

"पेपर वाचायला सांगितलास त्याच्या आधी?"

"अक्षरं पुसट दिसायला लागली म्हणूनच तर दिला तुझ्याकडे."

"मग मला का सांगितलं नाहीस? दवाखान्याचं सोड. मला?"

त्याला विचार करायला वेळ लागतो, आणि मी या वेळी थांबले. मग म्हणाला, "त्याच दिवशी सांगणार होतो. तू वाचून झालं की सांगू म्हटलं. पण तू त्या लेण्याची नक्कल केलीस आणि इतकी खूश होतीस. किती वर्षांनी तुला तसं पाहिलं. म्हटलं उद्या सांगू. उद्या तू परत पेपर घेऊन बसलीस."

मी म्हटलं, तुझा डोळा परत मिळत असेल तर त्या सगळ्या संध्याकाळी मी आत्ता देऊन टाकीन. तो म्हणाला, "मी नसत्या दिल्या."

मला इतका राग आला की मी उठून आत आले. हे लिहितेय तरी उतरलेला नाही. तो अजून बाहेरच बसलाय. मला हसताना बघायला त्यानं डोळा घालवला, आणि मी दोन-अडीच आठवडे त्याच्या उजव्या बाजूनं चालत होते, नीट दिसतं ना रे, एवढंही एकदा विचारलं नाही.